हवेचे कार्ड बसवताना : सूचनेच्या मराठीचा एक पाठ

गेल्या वसंत पंचमीला माझा एक जुना विद्यार्थी मुलीच्या अक्षराभ्यासासाठी बासरला आला होता. ज्ञानसरस्वतीच्या मंदिरात त्या दिवशी किती गर्दी असते, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारी कुटुंबे लेकरांना मांडीवर घेऊन रांगेत बसलेली असतात आणि पाटीवर पहिले अक्षर उमटले की आईबापांच्या चेहऱ्यावर काहीतरी मोठे पार पडल्याचे समाधान दिसते. विधी आटोपल्यावर आम्ही गोदावरीच्या घाटाकडे चालत गेलो. तिथे त्याने खिशातून चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद काढला.

“सर, एवढं मराठीत करून द्या नं. आमच्या पोरांला वाचता येत नाही.”

हा विद्यार्थी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात होता. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडून त्याने आयटीआयमध्ये वातानुकूलनाचा ट्रेड केला. आता तो हैदराबादमधल्या एका मोठ्या इमारतीत देखभालीचे काम पाहतो. त्याच्या हाताखाली चार हेल्पर आहेत आणि त्यांपैकी तिघे भैंसा-मुधोळकडचे, आठवी-नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेले आहेत. इमारतीतल्या जुन्या यंत्रणेला नवे कंट्रोलर लावण्याचे काम निघाले होते. त्या कंट्रोलरला हवेच्या दाबाने चालणाऱ्या व्हॉल्व्हशी जोडणारा एक सुटा भाग बसवायचा होता. कागद त्या भागाचा होता.

दोन तासांत होईल, असे मी म्हणालो. त्याला चार महिने लागले, आणि मधल्या काळात माझ्या एका वाक्यामुळे एका मुलाचा एक दिवसाचा पगार गेला. वर्गात वीस-पंचवीस वर्षे मराठी शिकवूनही जे मला माहीत नव्हते, ते या कागदाने शिकवले. लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी या तिघांनाही त्याचा उपयोग होईल, असे वाटल्यावरून हा पाठ लिहीत आहे.

१. आधी यंत्र समजून घेऊ

जी गोष्ट आपल्याला कळलेली नाही, तिच्याविषयी स्वच्छ मराठी लिहिता येत नाही. म्हणून मी प्रथम विद्यार्थ्याकडून यंत्र समजून घेतले.

मोठ्या इमारतीत हवा थंड करणारे एक पेटीसारखे यंत्र असते. काम करणारे त्याला ‘एएचयू’ म्हणतात. त्यातल्या गुंडाळीतून थंड पाणी फिरते आणि पंखा त्या गुंडाळीवरून हवा ढकलतो. किती पाणी सोडायचे, ते एक व्हॉल्व्ह ठरवतो. जुन्या इमारतींत हा व्हॉल्व्ह दाबाखालच्या हवेने हलतो. त्याच्या डोक्यावर रबराचा पडदा असतो. पडद्यावर हवा दाबली की दांडी खाली सरकते आणि हवा सोडली की स्प्रिंग तिला परत वर ढकलते. हवेचा हा दाब साधारण ३ ते १५ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे २० ते १०० किलोपास्कल इतका असतो.

ही युक्ती एका शिक्षकाच्या डोक्यातून निघाली, हे मला पुढे कळले आणि बरे वाटले. वॉरन जॉन्सन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथे शिक्षक-प्रशिक्षण शाळेत शिकवत. खोली किती तापली आहे हे पाहायला शिपाई सारखा वर्गात येई आणि तास मोडे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी भट्टीच्या खोलीत घंटा वाजवणारे विजेचे उपकरण तयार केले. त्याचे पेटंट १८८३ चे आहे. पुढे १८९५ मध्ये त्यांनी हवेच्या दाबाने प्रत्येक खोलीचे तापमान वेगवेगळे राखण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. जगभरच्या इमारतींत ही पद्धत अनेक दशके चालली.

नंतर संगणक आला. तापमान मोजणे, हिशेब करणे, आज्ञा देणे ही कामे आता विजेवरचा कंट्रोलर करतो. पण जुने व्हॉल्व्ह दणकट असतात, तांब्याच्या नळ्या भिंतींत पुरलेल्या असतात आणि हे सगळे उपटून नवे बसवायचे तर खर्च फार येतो. म्हणून मेंदू नवा घेतात आणि हात जुनेच ठेवतात. मेंदू विजेची भाषा बोलतो, हातांना हवेची कळते. मधला दुभाषा म्हणजे हा सुटा भाग. कंट्रोलरकडून आलेली विजेची आज्ञा तो तेवढ्या दाबाच्या हवेत बदलतो. त्याला तीन तोंडे असतात. एकातून मुख्य हवा आत येते, दुसऱ्यातून ठरलेल्या दाबाची हवा व्हॉल्व्हकडे जाते आणि तिसऱ्यातून जादा हवा बाहेर सुटते. आतली छिद्रे फार बारीक असतात, त्यामुळे हवा कोरडी, गाळलेली आणि तेलाचा अंश नसलेली लागते. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत साचणारे पाणी सोडले नाही, तर ते नळीवाटे इथवर येऊन पोहोचते.

एवढे समजल्यावर मी लिहायला बसलो.

२. शब्द : कोशातला आणि हातातला

पहिल्या मसुद्यात मी या भागाला ‘वायवीय प्रदान विस्तार घटक’ असे नाव दिले होते. आदान म्हणजे आत येणारे, प्रदान म्हणजे बाहेर जाणारे. परिभाषेच्या दृष्टीने नावात चूक नव्हती. विद्यार्थ्याने ते फोनवर वाचून दाखवले आणि थोडा वेळ थांबून विचारले, “सर, हे मंत्रातलं हाय का?” त्याची पोरे त्याला काय म्हणतात, असे मी विचारले. उत्तर आले, “हवेचं कार्ड.”

परिभाषा घडवण्याच्या कामाला मी कमी लेखत नाही. या कामाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. मुंबईत १८२० च्या दशकात कॅप्टन जार्विस यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा उद्योग आरंभला आणि त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत आणली. आपल्या भागातले उदाहरण तर अधिक जवळचे आहे. निजामाच्या हैदराबादेत १९१७ मध्ये ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर खाते निघाले, त्याने विज्ञानाची पुस्तके उर्दूत आणली आणि उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले गेले. त्या काळी बासर आणि नांदेड एकाच राज्यात होते. १९५६ च्या पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशाकडे गेली, धर्माबाद पलीकडे राहिले. बासर पुढे आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोजले जाते. सीमा बदलली, पण घरात बोलायची भाषा बदलली नाही. विद्यार्थ्याच्या हेल्परांना मराठी कागद का हवा, याचे उत्तर या इतिहासात आहे.

तरीही, दारुल तर्जुमाचे पुस्तक वर्गात बसून वाचायचे होते आणि माझा कागद शिडीवर उभे राहून वाचायचा होता. वर्गातला वाचक अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारू शकतो, शिडीवरचा वाचक अंदाज करतो. म्हणून मी शब्दांसाठी एक साधी कसोटी ठरवली. दोन कामगार एकमेकांना ती वस्तू मागताना जो शब्द वापरतात, तो घ्यायचा. त्यानुसार ‘हवेचे कार्ड’, ‘नळी’, ‘गेज’, ‘कॉक’, ‘दांडी’, ‘व्हॉल्व्ह’, ‘कंट्रोलर’ हे शब्द राहिले. ‘दाबमापी’ गेला, ‘वाहिनी’ गेली. ‘दाब’ मात्र टिकला, कारण पोरेही ‘प्रेशर’ आणि ‘दाब’ हे दोन्ही शब्द वापरत होती.

इथे मराठीची एक सोय हाती लागली. व्हॉल्व्ह ‘तो’, नळी ‘ती’, कार्ड ‘ते’. तीन मुख्य वस्तू तीन लिंगांत विभागल्या गेल्यामुळे “ती आधी काढा, मग ते बसवा” असे लिहिले तरी घोटाळा होत नाही. इंग्रजी कागदात याच ठिकाणी प्रत्येक वेळी वस्तूचे पूर्ण नाव द्यावे लागले होते. परभाषेतून आलेल्या शब्दाला आपण लिंग देतो, तेव्हा तो आपल्या वाक्यात कामाला लागतो.

३. वाक्य : हात कानाच्या मागे चालतात

शब्दांचे निभावले, पण खरी अडचण वाक्यांची होती. चार गोष्टी विशेष लक्षात आल्या.

पहिली गोष्ट प्रयोगाची. माझ्या मसुद्यात “हवेचा पुरवठा बंद करण्यात यावा” अशी वाक्ये होती. कार्यालयीन मराठीची ही सवय आपल्या सर्वांच्या हाताला लागलेली आहे. या वाक्यात कर्ता नाही. बंद कोणी करावा? हेल्परने, की कोणी आधीच केलेला असावा? कामगाराने हे वाक्य वाचून, साहेबांनी पुरवठा बंद केला असेल, असे समजणे अगदी शक्य आहे. “हवेचा कॉक बंद करा” यात तशी पळवाट नाही. सूचनेच्या लेखनात आज्ञार्थ उद्धट ठरत नाही; तो वाचणाऱ्यावर काम सोपवतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. इंग्रजी वाक्य अनेकदा नंतरची क्रिया आधी सांगते आणि आधीची नंतर. त्याच सवयीने मी “कार्ड बसवा, परंतु त्यापूर्वी वीज बंद केलेली असावी” असे लिहिले होते. मराठीत आपण क्रिया घडतात त्या क्रमाने सांगतो. त्यासाठीच तर ‘ऊन’ प्रत्ययाचे पूर्वकालवाचक रूप आहे. “वीज बंद करून कार्ड बसवा” हे वाक्य कानाला आणि हाताला एकाच क्रमाने भेटते. मात्र “वीज बंद करून, कॉक बंद करून, हवा सोडून, झाकण काढून कार्ड बसवा” अशी माळ ओवली की मधला एखादा मणी गळतो. म्हणून एका ओळीत एकच क्रिया ठेवावी, फार तर दोन.

तिसरी गोष्ट नकाराची. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. “वीज चालू असताना कार्डाला हात लावू नका” हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. पण एक जण कागद वाचतो आहे आणि दुसरा पॅनेलपाशी उभा राहून ऐकतो आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. ऐकणाऱ्याच्या कानावर आधी “कार्डाला हात लावू” पडते आणि मग “नका”. पंख्यांच्या आवाजात तो “नका” ऐकू आला नाही तर? इंग्रजीत नकार वाक्याच्या तोंडाशीच असतो, म्हणून त्यांच्या कागदात हा धोका नव्हता; तो माझ्या भाषांतराने निर्माण केला. उपाय दोन आहेत. वाक्याच्या आरंभी “थांबा” हा शब्द टाकावा, किंवा नकार टाळून तीच गोष्ट होकाराने सांगावी : “थांबा. आधी वीज बंद करा. मगच कार्डाला हात लावा.”

चौथी गोष्ट तर मराठी शिकवणाऱ्या माणसाला लाजवणारी आहे. “व्हॉल्व्ह उघडा” या दोन शब्दांचा अर्थ काय? ‘उघडा’ हे विशेषण धरले, तर व्हॉल्व्ह उघडा आहे अशी ती माहिती होते. आज्ञार्थ धरला, तर व्हॉल्व्ह उघडण्याची ती आज्ञा होते. बोलताना हेल आणि प्रसंग यांवरून फरक कळतो. कागदावरच्या तक्त्यात, जिथे जागा वाचवण्यासाठी आपण ‘आहे’ गाळतो, तिथे तो कळत नाही. माझ्या तक्त्यात हे दोन शब्द तीन ठिकाणी होते. सुदैवाने ही चूक विद्यार्थ्यानेच आधी पकडली.

त्याने न पकडलेली चूक दुसरीच होती.

४. ‘सामान्यतः उघडा’

इंग्रजी कागदात व्हॉल्व्हचे दोन प्रकार सांगितले होते. त्यांच्या नावांचे शब्दशः भाषांतर ‘सामान्यतः उघडा’ आणि ‘सामान्यतः बंद’ असे होते आणि मी तसेच केले. पहिला प्रकार असेल तर कार्डाची दिशा ‘उलट’ ठेवा, दुसरा असेल तर ‘सुलट’, असे तक्त्यात होते.

सभागृहाच्या एएचयूवर काम करणाऱ्या हेल्परने तक्ता वाचला आणि विचार केला. हा व्हॉल्व्ह सामान्यतः कसा असतो? सभागृह आठवड्यातले बहुतेक दिवस रिकामे असते, थंडावा लागत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह बहुतेक वेळ मिटलेलाच असतो. म्हणजे ‘सामान्यतः बंद’. त्याने दिशा ‘सुलट’ ठेवली.

त्याचे मराठी बरोबर होते. ‘सामान्यतः’ या शब्दाचा आपल्या भाषेत तोच अर्थ आहे : बहुधा, नेहमी, एरवी. पण यंत्रज्ञांच्या बोलण्यात त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ वेगळा आहे. हवा पूर्ण गेली, दाब शून्य झाला, तर निव्वळ स्प्रिंगच्या जोरावर व्हॉल्व्ह ज्या स्थितीत जाईल, ती त्याची ‘सामान्य’ स्थिती. तो रोज कसा असतो, याच्याशी तिचा संबंध नाही. सभागृहाचा व्हॉल्व्ह हवा गेली की उघडणारा होता.

परिणाम असा झाला की सगळे उलटे चालू लागले. थंडावा नको असेल तेव्हा कंट्रोलर शून्याची आज्ञा देई, कार्ड सर्वांत कमी दाब पाठवी आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडी. माणसे जमली, खोली तापली, कंट्रोलरने जास्त थंडावा मागितला की दाब वाढे आणि व्हॉल्व्ह मिटे. रात्रभर रिकाम्या सभागृहात थंड पाणी फिरत राहिले आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या सभेत लोक घामाघूम झाले. चौकशी झाली. हेल्परला बोलणी बसली आणि त्याचा एक दिवसाचा पगार कापला गेला.

विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा मी वर्गातून नुकताच बाहेर पडलो होतो. त्याने सगळे सांगितले आणि म्हणाला, “सर, पोरगं चुकलं नाही. वाक्य चुकलंय.”

पगाराची रक्कम मी पाठवतो, असे मी म्हणालो. तो म्हणाला, “पैशाचं नका करू सर. कागद नीट करून द्या.”

साहित्याच्या समीक्षेत आपण अनेकार्थता हा गुण मानतो आणि योग्यच मानतो. मीही अनेक वर्षे तो गुण म्हणूनच शिकवला. कवितेतल्या शब्दाचे दोन अर्थ निघाले की वाचक श्रीमंत होतो. सूचनेतल्या शब्दाचे दोन अर्थ निघाले की ज्याच्या हातात पाना आहे, तो दंड भरतो आणि लिहिणारा सुखरूप राहतो. आपल्या लेखनाचा भार कोणावर पडतो, हा प्रश्न मी तोवर स्वतःला विचारला नव्हता.

दुरुस्ती शब्दकोशात सापडली नाही, क्रियापदात सापडली. ‘सामान्यतः उघडा’च्या जागी मी ‘हवा गेली की उघडणारा’ आणि ‘सामान्यतः बंद’च्या जागी ‘हवा गेली की मिटणारा’ असे लिहिले. त्यामुळे ‘उघडा’ शब्दाचे दोन अर्थही टळले. विद्यार्थ्याने त्यात स्वतःची भर घातली. नाहीतरी काम सुरू करताना हवा सोडावीच लागते. मग दाब शून्यावर असतानाच दांडी कुठे थांबली ते पाहून वहीत लिहायचे. अंदाजाची गरजच उरत नाही.

५. शेवटी ठरलेला पाठ

चार महिन्यांनंतर कागद असा झाला :

हवेचे कार्ड बसवणे

१. थांबा. एएचयू बंद ठेवण्याची परवानगी मिळाली का, ते विचारा.

२. कंट्रोलरची वीज बंद करा. स्विचला कुलूप आणि ‘काम चालू आहे’ ही पाटी लावा.

३. मुख्य हवेचा कॉक बंद करा. व्हॉल्व्हकडे जाणारी नळी सोडवा. सगळी हवा जाऊ द्या. गेजचा काटा शून्यावर आला का, ते पाहा.

४. आता व्हॉल्व्हची दांडी पाहा. वहीत दोन्हींपैकी एक लिहा : ‘हवा गेली की उघडणारा’ किंवा ‘हवा गेली की मिटणारा’.

५. पॅनेलच्या अर्थिंग केलेल्या, रंग नसलेल्या धातूला हात लावा. मग कार्ड हातात घ्या.

६. कार्डाच्या पिना पाहा. पिन वाकलेली दिसली तर थांबा आणि सुपरवायझरला दाखवा. पिना सरळ असतील तर कार्ड कंट्रोलरशेजारी बसवून खटका वाजेपर्यंत दाबा.

७. नळीचे टोक सरळ कापा. तिरपे कापले गेले तर पुन्हा कापा.

८. मुख्य हवेची नळी ‘पुरवठा’ या तोंडावर शेवटपर्यंत सरकवा. व्हॉल्व्हची नळी ‘व्हॉल्व्हकडे’ या तोंडावर शेवटपर्यंत सरकवा. तिसरे तोंड मोकळे ठेवा. त्यातून हवा सुटणारच.

९. कॉक हळूहळू उघडा. पॅनेलबाहेरच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर सांधा पुन्हा जोडा. पॅनेलमधले सांधे पाण्याशिवाय, नुसता कान लावून तपासा.

१०. पाटी आणि कुलूप काढा. वीज चालू करा.

११. वही पाहा. ‘हवा गेली की उघडणारा’ असेल तर दिशा ‘उलट’ ठेवा. ‘हवा गेली की मिटणारा’ असेल तर दिशा ‘सुलट’ ठेवा.

१२. कंट्रोलरवरून ०, ५० आणि १०० टक्के थंडाव्याची आज्ञा द्या. प्रत्येक वेळी गेज वाचा. ‘सुलट’ असेल तर ३, ९, १५ पौंड दिसतील. ‘उलट’ असेल तर १५, ९, ३ दिसतील. आकडे वहीत लिहा आणि सही करा.

यातली नववी पायरी पाहून काही वाचक विचारतील, “कॉक उघडा” इथे तोच दुहेरी अर्थ आला नाही का? ‘हळूहळू’ या क्रियाविशेषणामुळे इथे आज्ञाच आहे हे निश्चित होते. एका शब्दाने दुसऱ्याची संदिग्धता अशी बांधता येते.

६. वर्गासाठी

हा अनुभव आल्यापासून मी बी.ए.च्या वर्गात दर सत्रात एक आठवडा सूचनालेखनाला देतो. मराठीतून आयटीआयची पुस्तके आज मिळतात; २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठी, तेलुगू अशा भारतीय भाषांतून देण्यास काही महाविद्यालयांत आरंभही झाला आहे. ही पुस्तके कोणी तरी लिहिणार, कोणी तरी तपासणार. ते काम आपल्या विद्यार्थ्यांचे असू शकते आणि त्यासाठी त्यांची तयारी भाषेच्या वर्गातच व्हायला हवी. शिक्षकांना उपयोगी पडतील असे तीन स्वाध्याय देतो.

पहिला : घरातल्या एखाद्या कामाची, उदाहरणार्थ गॅसची टाकी बदलण्याची, कृती दहा ओळींत लिहा. प्रत्येक ओळीत एकच क्रिया हवी. मग ते काम कधीही न केलेल्या मित्राला ती वाचायला द्या आणि स्वतः गप्प बसा. तो जिथे अडेल, ती ओळ पुन्हा लिहा.

दुसरा : कोणत्याही सरकारी पत्रकातली ‘करण्यात यावे’ अशी पाच वाक्ये घ्या आणि प्रत्येकात कर्ता कोण, ते शोधा. सापडला तर वाक्य आज्ञार्थात लिहा. सापडला नाही तर तसे नमूद करा.

तिसरा : ‘नका’ने संपणारी पाच वाक्ये लिहा आणि शेवटचा शब्द न वाचता ती मोठ्याने वाचा. ज्या वाक्याचा अर्थ धोकादायक होतो, त्याची रचना बदला.

वर्गात सर्वाधिक गोंधळ पहिल्या स्वाध्यायाला होतो आणि सर्वाधिक शिकणेही तिथेच घडते. मित्र अडला की मुले पहिल्यांदा मित्रालाच हसतात. मग त्यांना आपलीच ओळ परत वाचायला सांगावी लागते.

७. समारोप

नवा कागद पाठवल्यावर दोन आठवड्यांनी विद्यार्थ्याने मला फोन लावला आणि फोन त्या हेल्परच्या हातात दिला. मुलगा भैंसाजवळच्या गावचा. आधी बोलेना. मग म्हणाला, “सर, मी वाचून दाखवू का?” आणि त्याने बाराही पायऱ्या शाळेतल्यासारख्या मोठ्याने वाचल्या. चौथ्या पायरीशी थांबून म्हणाला, “हे आधी असंच लिवलं असतं तर बरं झालं असतं.”

“हो,” मी म्हणालो. “माझं चुकलं होतं.”

त्याने त्या आठवड्यात तीन कार्डे बसवली होती आणि तिन्ही बरोबर चालत होती. कापलेला पगार त्याला परत मिळालेला नाही.

बासरला दरवर्षी हजारो लेकरे पहिले अक्षर गिरवतात. ती मोठी होऊन कुठल्या ना कुठल्या कामावर उभी राहतील, तेव्हा त्यांच्या हातात येणारा कागद कोणी लिहिलेला असेल, याचा विचार भाषेच्या शिक्षकाने करायला हवा. माझ्या टेबलावर सध्या त्याच इमारतीतल्या कंप्रेसरच्या देखभालीचा कागद आहे. या वेळी मी पहिला मसुदा त्या मुलाकडेच वाचायला पाठवला आहे.